वाऱ्याला घाबरणारी शिडी

‘बंद खोलीत वापरू नये. खिडकी उघडी ठेवावी.’

वॉर्निशच्या फवाऱ्याच्या डब्यावर लाल पट्टीत एवढंच लिहिलेलं होतं. डबा माझ्या शेजारीच उभा असायचा, त्यामुळे मी ते रोज वाचत असे आणि रोज सोडून देत असे. खिडकी उघडली की वारा येणार आणि वारा आला की माझं काय होणार, याच्यापुढे माझं डोकं तेव्हा चालतच नव्हतं. आज त्या दोन ओळी आठवल्या तरी माझ्या पायऱ्या थरथरतात.

मित्रांनो, मी एक जुनी कागदी शिडी आहे. तुमच्या मधल्या बोटाएवढी माझी उंची. दोन उभे दांडे आणि त्यांच्यामध्ये अकरा पायऱ्या. खरीखुरी शिडी अठ्ठेचाळीस पटींनी लहान केली तर जेवढी होईल, तेवढी मी. माझ्यावर कुणी कधी चढलं नाही, चढणारही नाही. तरी माझ्यापायी एका माणसाचा जीव जायची वेळ आली होती. तीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म लेझर मशीनवर झाला. त्या मशीनवर एक बाई काम करायची. तिला एक लहान मुलगी होती, म्हणून मी तिला आईच म्हणते. दिवसभर ती दुकानांच्या पाट्या, खोकी, दारावरची नावं असलं काहीबाही कापायची. मला मात्र तिने काम संपल्यावर, स्वतःच्या वडिलांसाठी कापलं. हे वडील म्हणजे आमचे आजोबा. ते पाट्या रंगवणारे रंगारी होते. उभा जन्म त्यांनी शिडीवर उभं राहून दुकानांची नावं लिहिली. मशीनच्या पाट्या आल्या आणि त्यांचं काम हळूहळू थांबलं. ज्या मशीनने काम नेलं तेच मशीन लेक चालवते, यावरून बापलेकीत थट्टा चालायची.

“बाबा, दहा पायऱ्या केल्या तर चालेल का? अकरा फार दाटीवाटीने बसतायत.”

“माझ्या शिडीला अकरा होत्या.”

“एवढं कोण मोजत बसणार आहे?”

“मी मोजणार. तीस वर्षं चढलोय, मला डोळे मिटून पायांनी मोजता येतात. तुझ्या मशीनला जमत नसेल तर तसं सांग, मी कात्रीने कापतो.”

“जमतंय हो! मशीनला जमतंय, मशीनवालीला वैताग येतोय.”

अशा रीतीने मला अकरा पायऱ्या मिळाल्या. जाड कागदावरून एक लालसर ठिपका धावत गेला आणि त्याच्या मागोमाग धुराची बारीक रेघ उठली. माझ्या कडा करपून तपकिरी झाल्या. जगात आल्या आल्या मी पहिली ओळख करून घेतली ती भीतीची. एका कागदावर आम्ही चाळीसजणं होतो: खुर्च्या, खिडक्यांच्या चौकटी, एक सायकल, कुंडीतली पानं, पक्ष्याचा पिंजरा, दिव्याचा खांब. केसाएवढ्या कागदी दुव्यांनी आम्ही सगळी मूळ कागदाला धरून होतो. ते दुवे पात्याने कापले की आम्ही मोकळी होणार होतो. मोकळं होण्याची वाट बाकीचे बघत होते. मला मात्र तो दुवा सोडवत नव्हता.

आजोबा आपली जुनी गल्ली बनवत होते. टेबलावर मावेल एवढी. दोन्ही बाजूंना दुकानं, प्रत्येकावर त्यांनी कधीकाळी रंगवलेली पाटी, आणि गल्लीच्या टोकाला भिंतीला टेकवलेली मी. माझ्यावर हातात ब्रश घेतलेला एक इवला माणूस उभा राहणार होता. तरुणपणचे आजोबा. वर्षभर ते या कामात गढले होते. छोट्या प्रतिकृतींचं एक प्रदर्शन भरणार होतं आणि त्याला आता आठच दिवस उरले होते.

त्यांची खोली अगदी लहान. एक टेबल, एक खुर्ची, एक रेडिओ, आणि खिडकीच्या वर भिंतीत बसवलेला, हवा बाहेर टाकणारा पंखा. तो पंखा आईने हट्टाने बसवून घेतला होता. कागद टणक व्हावा म्हणून आमच्यावर वॉर्निश मारावं लागायचं आणि त्याचा वास डोक्यात जायचा.

“बाबा, फवारा मारताना पंखा चालू आणि खिडकी उघडी. मला वचन द्या.”

“अगं, टर्पेंटाईनच्या वासात जेवलोय मी आयुष्यभर. मला हे अत्तर आहे अत्तर.”

“तेव्हा तुम्ही रस्त्यावर, उघड्यावर जेवत होतात. ही खोली आहे. आणि वय?”

“वय कुणाचं? तुझंच दिसतंय. आजीबाईसारखी बोलतेस.”

आईचं मन एवढ्याने भरलं नाही. तिने पंख्याच्या बाहेरच्या जाळीला उरलेल्या कागदाची एक लांब पट्टी बांधली. गॅलरीत उभं राहिलं की ती दिसायची. पट्टी फडफडली म्हणजे पंखा चालू. आजोबा हसले. “आता घरातल्या घरात बापावर पहारा,” असं म्हणाले. पण पट्टी त्यांनी काढली नाही.

मग सायकलची गोष्ट घडली. आजोबांनी आधी मला कागदातून सोडवलं, मग सायकलला, आणि ट्वीझरने उचलून तिचं एक चाक बाजूला ठेवलं. पंखा चालू होता. चाक थोडंसं हललं, उभं राहिलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत उडून पंख्याकडे दिसेनासं झालं. आजोबा गुडघ्यांवर बसून बॅटरीने फरशी शोधत राहिले.

“गेलं. आता सायकलवाला काय लंगडी घालत जाणार?” ते म्हणाले. पण त्यांच्या आवाजात हसू नव्हतं.

त्या दिवशी मी भीतीने अर्धी झाले. माझं वजन त्या चाकापेक्षा कितीसं जास्त? मी मनातल्या मनात एकच धोशा लावला. हा पंखा बंद होऊ दे. हा वारा थांबू दे.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी पंखा बंद केला आणि खिडकी लावून घेतली. दाराच्या फटीतून झुळूक यायची, म्हणून खाली जुना टॉवेल कोंबला. दार अचानक उघडलं की हवेचा झोत येतो आणि कागद उडतो. त्यासाठी त्यांनी घरात एक नियम करून टाकला. दाराच्या कडीला बाहेरून कपडे वाळत घालायचा लाल चिमटा लावलेला असला, की आत कुणी यायचं नाही.

हा नियम सगळ्यात मनापासून कुणी पाळला असेल तर त्यांच्या नातीने. ती पाच वर्षांची होती. एका जागी ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. ती जाईल तिथे वारा उठायचा. पण लाल चिमटा दिसला की भिंगरी दोन्ही हातांनी नाक-तोंड दाबून चवड्यांवर दारापुढून जायची. आपल्या श्वासानेसुद्धा आजोबांची गल्ली उडेल असं तिला वाटायचं.

मित्रांनो, तेव्हा मला कोण आनंद झाला होता! पानही हलत नव्हतं. मी निवांत पडून राहिले. शेजारी तो डबा होता आणि डब्यावर त्या दोन ओळी होत्या. मी त्यांच्याकडे पाठ केली.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आजोबांचं डोकं दुखलं. आईने विचारलं तर म्हणाले, “चष्म्याचा नंबर वाढलाय.” दुसऱ्या दिवशी ते एका दुकानाची पाटी रंगवायला बसले. किराणा दुकानाची, तांदळाच्या दाण्याएवढी अक्षरं. या माणसाचा हात आयुष्यात कधी हलला नव्हता. वाऱ्यात, उन्हात, एका पायावर तोल सावरत त्यांनी सरळ रेघा ओढल्या होत्या. त्या दिवशी अक्षरांवरची रेघ ओढता ओढता खाली घसरली. आजोबा बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले, दुसऱ्याच कुणाची असावी तसे. मग त्यांनी ती पुसली आणि पुन्हा ओढली. ती पुन्हा घसरली.

हे मी पाहिलं. माझ्याशिवाय कुणीही पाहिलं नाही. मला कळायला हवं होतं. पण खोलीत वारा नव्हता आणि मला तेवढंच पुरत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी ते घडलं.

आजोबांनी कडीला चिमटा लावला, दार लोटलं, टॉवेल नीट कोंबला आणि रेडिओ लावला. कुणीतरी बाई रेडिओवर झाडांना खत कसं घालायचं ते सांगत होती. आजोबांनी मला मातीच्या छोट्या गोळ्यात रोवून उभं केलं. “आता बघ कशी टणक होतेस,” असं म्हणून त्यांनी फवारा मारला. एक हात झाला. मग दुसरा. मग खुर्च्यांवर, पिंजऱ्यावर, खांबावर. घाई होती ना! हवा जड झाली. दिव्याभोवती धुकं साठल्यासारखं दिसू लागलं.

आजोबा खोकले. त्यांनी कपाळ चोळलं. उठावं म्हणून त्यांनी टेबलावर हात टेकला, पण तो हात तिथेच राहिला. “जरा…” एवढंच ते म्हणाले. मग त्यांचं डोकं हळूहळू खाली आलं आणि गाल टेबलावर टेकला, माझ्यापासून चार बोटांवर.

मला वाटलं, दमलेत. पडू दे घटकाभर.

त्यांचे डोळे अर्धवट उघडे होते, पण ते कशाकडेच बघत नव्हते. त्यांनी श्वास सोडला की मी मागे झुकायचे. घेतला की पुढे यायचे. त्या खोलीत आता वारा एकच होता. आजोबांचा श्वास.

मी मागे गेले, पुढे आले. मागे गेले, पुढे आले. मग मधे थोडी थांबले. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. थांबणं वाढत चाललं. मागे जाणं कमी कमी होत गेलं. पहिल्यांदा मी खालच्या पायरीपासून वाकत होते, आता वरची टोकंच तेवढी हलत होती. आणि मग, मित्रांनो, मला समजलं की मी कशाची वाट बघते आहे. जन्मभर ज्याला भ्यायले त्या वाऱ्याची. मोठा श्वास घ्या आजोबा, मला उडवून द्या, भिंतीवर आपटा, पण श्वास घ्या! मी किंचाळले असते. पण कागदाला आवाज नसतो. रेडिओवरची बाई शांतपणे सांगत होती की मुळांना हवा लागते.

तेवढ्यात दाराबाहेर पावलं वाजली. चवड्यांवरची, हलकी. भिंगरी!

“आजोबा,” ती दाराला तोंड लावून कुजबुजली. “मी आत नाही येत हं. मी फक्त सांगायला आले. मी तुझ्या सायकलचं चाक काढलंय. पेन्सिलीने. चिमटा काढलास की मला हाक मार.”

आत ये गं! चिमटा ओढून काढ, दार ढकल, धिंगाणा घाल! आज नको शहाण्यासारखी वागूस!

ती थांबली. रेडिओवरची बाई बोलत होती. भिंगरी चवड्यांवरच परत गेली. आईने तिला विचारलं, “काय करतायत आजोबा?” ती म्हणाली, “रेडिओ ऐकतायत.”

बघा, रेडिओ बोलत होता म्हणून सगळ्या घराला वाटत होतं की आजोबा जागे आहेत.

पुढचं मला नंतर कळलं. आईने ते इतक्या वेळा सांगितलं की मला पाठ झालं. एरवी कपडे सकाळीच वाळत पडायचे, आणि सकाळी पंखा तसाही बंदच असायचा. त्या दिवशी तिला सुट्टी होती, म्हणून धुणं दुपारी निघालं. ती गॅलरीत शेवटचा फ्रॉक दोरीवर टाकत होती. चिमटे संपले. डब्यात एक कमी होता. लाल. तो कुठे आहे हे तिला माहीत होतं. दाराला आहे म्हणजे बाबा काम करतायत. तिने सहज मान वर केली. पंख्याच्या जाळीवरची पट्टी सरळ खाली लोंबत होती.

चिमटा दाराला, आणि पट्टी निपचित.

फ्रॉक तिच्या हातातून खाली रस्त्यावर पडला.

“बाबा!” मी तिचा आवाज ऐकला. मग दारावर थापा. “बाबा, दार उघडा! बाबा, ऐकू येतंय का?” दार हललं आणि अडलं. टॉवेलची गुंडाळी होऊन ती दाराखाली पाचरीसारखी बसली होती. भिंगरी रडायला लागली. “आई, चिमटा आहे! चिमटा आहे ना, आत नाही जायचं!”

“तू मागे हो! गॅलरीत जा, तिथेच उभी राहा, हलू नकोस!”

आईने खांद्याने दाराला धडक दिली. एकदा. दोनदा. तोवर माझी टोकं हलायची थांबली होती. तिसऱ्या धडकेला टॉवेल सरकला आणि दार भिंतीवर जाऊन आदळलं.

आणि वारा आला.

काय तो वारा! खुर्च्या उडाल्या, पिंजरा उडाला, पानं छताला जाऊन भिडली, पाट्या एकमेकींवर आपटल्या. मी मातीतून उपटले गेले, गरगरत भिंतीवर आदळले आणि फरशीवर पडले. आईने श्वास कोंडून खिडकी सताड उघडली आणि आजोबांना काखेत धरून खुर्चीसकट ओढलं. ओढताना तिची चप्पल माझ्यावर पडली. माझी सातवी पायरी मोडली. मी फरशीवर पालथी पडून दारातून बघत होते. गॅलरीच्या उंबऱ्यावर आजोबांचं डोकं आईच्या मांडीवर होतं. ती त्यांच्या गालावर चापट्या मारत होती. “घ्या बाबा, श्वास घ्या. घ्या ना. माझ्यासाठी घ्या.”

किती वेळ गेला कोण जाणे. मग आजोबा खोकले. इतका घाणेरडा, घोगरा खोकला मी कधी ऐकला नव्हता, आणि इतका गोडही.

ते तीन दिवस दवाखान्यात होते. डॉक्टरीणबाईंनी आईला एकच प्रश्न विचारला म्हणे: “किती वेळ आत होते असे?” अर्धा तास? एक तास? घरात दोन माणसं होती, आणि कुणालाच माहीत नव्हतं. त्या प्रश्नाने ती जेवढी रडली तेवढी त्या दुपारीही रडली नव्हती.

घरी आल्यावर आजोबा खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. गल्ली उद्ध्वस्त झाली होती. प्रदर्शन हुकलं होतं.

“वर्षाचं काम उडवलंस गं माझं,” ते हळूच म्हणाले.

“उडवलं. पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा उडवीन.”

आजोबा हसले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. भिंगरी मात्र त्यांच्या जवळ जाईना. ती आईच्या मागे लपली होती. आजोबा खाली बसले. “काय गं, रुसलीस?”

“मी आत आले नाही,” ती म्हणाली. “मी नुसतीच दाराशी बोलले.”

आजोबांनी तिला जवळ ओढलं. “तू नियम पाळलास बाळा. नियमच खुळा होता. खुळ्या म्हाताऱ्याचा.” त्यांनी तो लाल चिमटा तिच्या हातात दिला आणि दोघांनी मिळून तो गॅलरीतल्या दोरीला लावला. दाराला तो पुन्हा कधी लागला नाही.

मग सगळ्यांनी मिळून आम्हाला फरशीवरून वेचलं. सगळीजणं सापडली नाहीत. आणि आईने काय केलं असेल? स्वयंपाकघरातली, अन्नावर झाकायची जाळी आणून आमच्यावर पालथी घातली. पंखा चालू, खिडकी उघडी, आणि आम्ही जाळीखाली. कुणीच उडालं नाही. एवढं सोपं होतं ते. पहिल्या दिवशी कुणाला सुचलं असतं तर! आजोबांनी माझ्या सातव्या पायरीला कागदाची चिंधी लावून सांधलं. इवल्या रंगाऱ्याला त्यांनी सहाव्या पायरीवर उभं केलं. “सातवीवर याचा पाय नको,” म्हणाले.

पुढच्या वर्षी गल्ली प्रदर्शनात गेली. एक गृहस्थ भिंग लावून माझ्यासमोर वाकले. “वा! शिडीची पायरी मोडून सांधलीय हेसुद्धा दाखवलंय. याला म्हणतात निरीक्षण!” आजोबा मिशीतल्या मिशीत हसले. भिंगभर कौतुक माझ्या वाट्याला आलं, पण त्या काचेच्या मागून माणसाचा श्वास माझ्यावर येत होता, आणि मी त्याच्याच मोजणीत गुंतले होते.

त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. आजोबा त्यानंतर बरीच वर्षं जगले, उघड्या खिडकीशी बसून काम करत. आता ते नाहीत. गल्ली काचेच्या पेटीत, कपाटाच्या टपावर असते. काचेवर धूळ बसली आहे. एका कोपऱ्यातून कसर शिरली आणि तिने पिंजरा खाल्ला. माझ्या करपलेल्या कडा आता नुसत्या हाताने झडतील. पेटी कुणी पुसत नाही, याचं वाईट वाटतं मला, नाही असं नाही. पण माझी भीती त्याची नाही.

त्या खोलीत आता भिंगरी राहते. ती कॉलेजात जाते. दार लावून, कानात काहीतरी घालून तासन् तास काम करते. दारावर तिने एक कागद चिकटवला आहे: ‘कृपया हाक मारू नये.’ तिने दार लावलं की मी टपावरून तिच्या पाठीकडे बघत राहते. पाठ वर होते, खाली होते. मी मोजते.

आणि रोज केव्हातरी दार वाजतंच.

“काय गं आई? कागद वाचलास ना?”

“वाचला.”

“मग? काय काम होतं?”

“काही नाही. तुझा आवाज ऐकायचा होता.”

“बरी आहे मी! जा आता.”

आई जाते. भिंगरी कपाळाला आठ्या घालते, पण उठून खिडकीची फट थोडी वाढवते.

मित्रांनो, माझी काळजी घेतली नाहीत तरी चालेल. कागदाचं काय, आज ना उद्या धूळ होणारच. पण तुमच्याही घरात या घटकेला कुणीतरी दार लावून बसलं असेल. आजोबा असतील, ताई असेल, कामात बुडालेली आई असेल. आत रेडिओ वाजत असेल आणि तुम्हाला वाटत असेल, ठीक आहे. त्यांना त्रास नको म्हणून तुम्ही चवड्यांवर चालत असाल. मला दार वाजवता येत नाही. तुम्हाला येतं. हे पुस्तक इथेच पालथं घाला आणि आधी त्यांना बघून या.